हातभर जास्तीचा दोर

दोर वळायचा तर माणसं दोन लागतात. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पेड हातात धरून उलट्या पावली मागं मागं जायचं. मागं जाणारी मी. चाकावर माझे धाकटे दीर. नवरा गेल्यापासून हे असंच चाललंय. मी कुंपणापर्यंत पोचते आणि तिथून ओरडते, "भाऊजी, डुलकी लागली का? पीळ उतरतोय!" ते बोलत नाहीत, चाक तेवढं जोरात फिरतं. माणूस मुलखाचा मुका. आणि त्याच्या पोटी निपजलं ते कारटं!

त्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. गावच्या म्हाताऱ्या सुईणीला त्यानं मारलं. जिनं त्याला पायाकडून ओढून जगात आणलं, आई त्यातच गेली तर कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, तिला. कशासाठी? कानातल्या दोन सोन्याच्या मण्यांसाठी. मणी निघेनात म्हणून कानाच्या पाळ्या फाडल्या मेल्यानं. आणि गळा आवळला तो आमच्याच पडवीतल्या तागाच्या दोरानं. कोर्टात तो दोर माझ्यापुढं धरला. "ओळखता का?" मी म्हटलं, "पीळ माझाच आहे." त्याला फाशी लागली. मला वाईट नाही वाटलं, किळस आली. घरी येऊन राखेनं हात घासले, तरी घास तोंडाशी नेववेना.

तेव्हापासून भाऊजी विहिरीवर गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. गावाला पिण्याची विहीर एकच. चक्कीवाला तर तोंडावर म्हणाला, "फाशी होऊ दे, मग बघू तुम्हाला गावात ठेवायचं की नाही." भाऊजी मान खाली घालून पाणी भरायचे. या वयात जाणार तरी कुठं?

तर एका सकाळी अंगणात तुरुंगाचा कारकून उभा. बूट इतके चकचकीत की तागाच्या भुसात पाय ठेवायला कचरत होता.

"दोरवाली तुम्हीच ना? सुती दोर हवाय. तीन पेडी, दहा हात, वरून मेण. तुमच्या दोराला पिळाच्या गाठी पडत नाहीत म्हणतात."

"कशाला हवाय?"

"सरकारी काम आहे."

फाशीची तारीख अख्ख्या गावाला पाठ होती. कारकुनाच्या कागदावर मात्र नुसतं 'दोरवाली' लिहिलेलं. आपण कुणाच्या दारात उभे आहोत याचा त्या शहाण्याला पत्ताच नव्हता.

"नाही देत," मी म्हटलं. "व्हा चालते."

"चिडू नका बाई. तुम्ही नाही तर बाजारातला कुठलाही घेऊ. पण मागच्या खेपेला तसाच घेतला, तो खरबरीत निघाला. फार वेळ लागला." एवढं बोलून त्यानं वाकून रुमालानं बूट पुसला.

तेवढ्यात मागं चाक कुरकुरलं. भाऊजी आसाला तेल देत बसले होते, सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"सूत काढा वहिनी," ते म्हणाले. "मी बसतो चाकावर."

त्या दिवशी ऊन असं होतं की जमिनीला पाय टेकवत नव्हता. मी पेड धरून मागं सरकत होते, ते चाक फिरवत होते. अर्ध्या अंगणात आल्यावर म्हणाले, "वहिनी, सूत जरा मऊ बघून घ्या."

माझं टाळकंच सरकलं. "मऊ? लाडक्याला टोचेल म्हणून? त्या म्हातारीला कुणी मऊ दोर दिला होता हो? तिचे कान बघितलेत ना तुम्ही? मी आंघोळ घातलीय तिला, माझ्या या हातांनी! थू त्याच्या जिण्यावर!"

चाक थांबलं नाही. फिरवता फिरवताच ते बोलले. "तिला नव्हता मिळाला. तेच रोज डोळ्यापुढं येतं, तिनं किती वेळ पाय झाडले असतील. तसं आणखी कुणाचं नको. माझं पोर म्हणून नाही म्हणत. ते पोर माझ्यापुरतं कोर्टातच मेलं."

मी तोंड फिरवलं. पण वळलेलं सोडलं आणि सूत बदललं. उशांचे अभ्रे विणायला ठेवलेलं मऊ सूत घेतलं.

आता आमची एक रीत आहे. दोर मागितल्यापेक्षा नेहमी हातभर जास्ती वळायचा, कारण चाकाच्या आकड्याजवळचं टोक ढिलं राहतं. शेवटी तेवढं कापायचं. हा तुकडा आम्ही टाकत नाही. विहिरीचा दोर बादलीजवळ सारखा झिजतो, तिथं तो सांधायचा. सासऱ्यांच्या काळापासून विहिरीचा दोर आमच्याकडे, आणि सांधायचं काम भाऊजींचं. मी तुकडा कापून खुंटीला अडकवला. कारकून दोर काखोटीला मारून गेला. मी अंथरुणाला पाठ टेकली आणि दोन दिवस उठलेच नाही.

नवव्या दिवशी दुपारी बातमी आली. झालं, प्रेत तिकडंच पुरलं. गावाला काय उधाण आलं म्हणून सांगू! न्हाव्यानं फुकट दाढ्या केल्या. पोरं एकमेकांच्या गळ्यात पंचा अडकवून जीभ बाहेर काढून दाखवत होती आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुईण जिवंत असताना तिला दारात घडीभर सावलीला बसू न देणारी ही माणसं!

तासाभरात दहा-बाराजण माझ्या अंगणात. पुढं चक्कीवाला.

"दोर म्हणे तुमच्याकडचाच होता. तुकडा उरला असेल ना? फाशीचा दोर दारावर बांधला की बरकत येते."

"मला बोटभर पुरे," न्हावी म्हणाला. "सुनेला मूल होत नाही."

"अरे, लाजा वाटतात का रे तुम्हाला?" मी ओरडले. "जा, त्याची जीभ उरली असेल, ती पण बांधा दारावर!" पण खुंटीकडे बघितलं, तर खुंटी रिकामी.

भाऊजी चाकापाशी बसले होते. "विहिरीला सांधला," ते म्हणाले.

"कुठं?"

"विहिरीच्या दोराला. बादलीजवळ झिजला होता. दोर नेला त्याच संध्याकाळी." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हाताला सवय वहिनी. सांधून झाल्यावर लक्षात आलं."

न्हावी पचकन थुंकला. "आठ दिवस आम्ही ते पाणी पितोय? शी शी शी!" जो तो ओठ पुसायला लागला. दारावर बांधायला हवा होता, पाण्याला चालत नव्हता!

चक्कीवाला तर बेंबीच्या देठापासून ओरडला, "आज याला गावाबाहेर काढलंच पाहिजे. चला विहिरीवर, आधी तो दोर जाळू!"

सगळे निघाले, भाऊजींना मध्ये घेऊन. मी मागून धापा टाकत. विहिरीवर सुईणीची मुलगी घागर घेऊन उभी. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणेल ते होणार, हे मलाही कळलं.

चक्कीवाल्यानं तिला सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. तिनं दोर हातात घेतला. सांधा सापडेपर्यंत बोटं फिरवली. पांढरं सूत तपकिरी तागात घट्ट बसलं होतं.

"जाळाल," ती म्हणाली, "मग उद्या पाणी कशानं काढाल?"

चक्कीवाल्यानं काड्यापेटी परत खिशात घातली.

"काका," ती भाऊजींना म्हणाली, "तुमच्या पोराचं तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमच्याकडं बघितलं तरी मला तेच दिसतं. पण दोर तुम्हीच सांधत आलात, पुढंही सांधा. आता सरा, पाणी काढू द्या."

भाऊजी सरले. तिनं बादली सोडली, ओढली, सांधा तिच्या दोन्ही मुठींतून वर आला. घागर भरून ती निघून गेली. कुणीही तिच्या वाटेत आलं नाही.

भाऊजी गावातच राहिले. दुसऱ्या सकाळपर्यंत घराघरांतलं पाणी संपलं, आणि एकेकजण विहिरीवर आला. बादली वर यायची तर तो सांधा हातातून जाणारच, सुटका नाही. सगळ्यात शेवटी चक्कीवाला आला. हाताला फडकं गुंडाळून त्यानं पाणी ओढलं. ऊन फार होतं, घाम आला होता. मग त्यानं त्याच फडक्यानं तोंड पुसलं.