पडद्याच्या दोन बाजू

नोरीनने काढलेल्या सिनेमावरून पर्थच्या वर्तमानपत्रांत जुंपली होती. एकाने लिहिलं, इतका खळखळून हसवणारा संगीतपट कित्येक वर्षांत आला नाही. दुसऱ्याने विचारलं, आदिवासींच्या वाट्याला तुरुंग, दारू आणि अकाली मरण. मग ही बाई नाचते कसली? नोरीनने तो पेपर पेटवून चहा उकळला. आमचं मरण बघायला हे रांगा लावून तिकिटं काढतात. आम्ही पोट धरून हसलो, की यांच्या पोटात दुखतं.

पण आज तिला धाकधूक होती ती डल्सी मावशीमुळे. सिनेमा आज तिच्या गावी, दूर उत्तरेला किंबर्लीच्या किनाऱ्यावर, फुटबॉलच्या मैदानात लागणार होता. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं मावशी आणि तिचा जावई क्लॅन्सी यांच्यावरूनच उचललेलं. सासू-जावयाने एकमेकांसमोर यायचं नाही, बोलायचं नाही, हा इथला कायदा. गाण्यात दोघं चुकून एकाच दुकानात शिरतात आणि पिठाच्या पोत्यांआड लपत गात सुटतात.

नोरीनने क्लॅन्सीला विचारलं होतं. वर म्हणाली होती, "सासूबाईंच्याही कानावर घाल." तो नुसता हसला. जावई सासूच्या कानावर घालणार कसं? शहरात राहून ती इतकी बधिर झाली होती! चूक कळल्यावर तिने मावशीला शब्द दिला, "बघून तू नको म्हणालीस तर गाणं कापीन." आणि ते गाणं कापलं तर सिनेमात उरत काय होतं?

"गोऱ्यांपुढे विदूषक केलंस आपल्याला, ताई," चुलतभाऊ लेस्टर खुर्च्या मांडता मांडता म्हणाला. "आपली पोरं कोठडीत मरतायत."

"माझा भाऊ तिथंच गेला, लेस्टर. मला शिकवू नकोस. आणि तोही गायचा. तुझ्यापेक्षा सुरात."

लेस्टरने पुढची खुर्ची आपटून मांडली. पटलं नव्हतंच.

सूर्य बुडाला. मावशी घोंगडी घेऊन पडद्यासमोर बसली, हातात निखाऱ्यात भाजलेलं कांगारूचं शेपूट. क्लॅन्सी पडद्याच्या मागे. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं. त्याला उलटं, एवढंच.

गाणं सुरू झालं. मावशीचं तोंड चालायचं थांबलं. पडद्यावरचा जावई पिठात तोंडावर आपटला, मागून क्लॅन्सी खिदळला, पण मावशी दगडासारखी.

तेवढ्यात समुद्रावरून वारा आला. पडद्याच्या खालच्या दोऱ्या तुटल्या आणि कापड फडफडत वर गेलं. मावशी इकडे, क्लॅन्सी तिकडे, मधे काहीच नाही!

"अगं बाई!" मावशीने घोंगडी डोक्यावर ओढली आणि पाठ फिरवून धूम ठोकली. क्लॅन्सी चहाची किटली लाथाडत दुसरीकडे. तो गोलपोस्टाआड, ती ट्रकआड. वर सिनेमाचं गाणं चालूच. अख्खं मैदान हसून लोळत होतं. लेस्टर खुर्चीवरून पडला.

नोरीन धावत ट्रकमागे गेली. घोंगडी गदगदत होती.

"मावशी, रडतेस?"

घोंगडीतून ओलं, लाल तोंड बाहेर आलं. मावशीला हसू आवरत नव्हतं.

"कापायचं नाही हं ते! पण माझं सोंग घेतलेली बाई रांगते नुसती. मी कशी पळाले बघितलंस?"

"बघितलं, मावशी."

"मग आता तो पडदा घट्ट बांधा, आणि लावा पहिल्यापासून!" ती मैदानाकडे तोंड करून ओरडली. "आणि लेस्टर, तुला तुरुंगाचा सिनेमा हवाय ना? काढ तू. तोही बघायला येईन मी. आज गुमान गाणं म्हण!"

पडदा चढला. यावेळी गाणं आलं तेव्हा दोन्ही बाजूंनी अख्खं गाव गात होतं, आणि सगळ्यांत वरचा, फाटका आवाज मावशीचा होता.