अबोल्याच्या चकल्या

ऐन दिवाळीत बँकेत रजा मिळेना, म्हणून छायाने दोन घरांचा फराळ एकत्रच, आठवडाभर आधी उरकायचा घाट घातला. तेल वाचेल, गॅस वाचेल.

"नोकरीवाल्यांचा फराळ म्हणजे फजितीच," एकलहऱ्याला राहणारी थोरली जाऊ सुलभा म्हणाली आणि चुका काढायला मिळतील म्हणून आली.

त्या टोमण्यावरून अबोला धरूनच दोघींनी चकल्या केल्या. भिजवलेल्या भाजणीत छायाने मीठ घातलेलं होतं. नैवेद्याआधी चाखायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक.

पहिल्या आंघोळीनंतर नैवेद्य दाखवून दोन्ही घरं फराळाला एकत्र बसली आणि छायाने चकली तोंडात टाकली. नुसतं मिठागर. समोर चकली चावणाऱ्या सुलभाच्याही डोळ्यांत पाणी.

"छान झाल्यात," सुलभा पुटपुटली.

तिनेही मीठ घातलं होतं तर.

"मग अजून चार घ्या ना, वहिनी," म्हणत छायाने ताट पुढे सरकवलं.