खिळ्यावरचे दहा दिवस

मी एक जुनं दाताळं आहे. लोहाराने मला बारा दात दिले होते. त्यातला एक दगडावर आपटून केव्हाच गेला, पण त्यावाचून माझं काही अडलं नाही. बागेतला पाला ओढायला म्हणून मला घडवलं होतं. नशिबात मात्र आली कोंबड्यांची शेड! त्या वासाने सुरुवातीला माझा जीव नकोसा झाला. पुढे सवय झाली आणि खरं सांगतो मित्रांनो, लळाही लागला.

शेड दोघी बहिणींची. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला नुसतं धाकटी. पिल्लं आणायच्या आधी जमिनीवर भाताच्या तुसाचा जाड थर पसरत. पिल्लं त्यावरच बसत, त्यावरच बागडत आणि घाणही त्यावरच करत. म्हणून ताई रोज सकाळी मला घेऊन तूस खालीवर करायची आणि ओलं झालेलं उचलून बाहेर टाकायची. "रोग या ओलीत असतो," ती म्हणायची. "पिल्लांच्या पोटात गेल्यावरच कळतो मेला!" कोंबड्यांचे डॉक्टर एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "निम्मं औषध तर हेच आहे." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुशारलो होतो.

धाकटी जीव लावणारी, पण वेंधळी. घरात काही फुटलं, करपलं, हरवलं की आधी तिचंच नाव निघायचं.

एकदा ताईला लेकीच्या बाळंतपणासाठी दहा दिवस जावं लागलं. पिल्लं तेव्हा बारा दिवसांची होती. "जमेल ना गं तुला? नाहीतर शेजारच्या काकांना सांगून जाते," ती म्हणाली.

"ताई, एकदा तरी माझ्यावर सोड ना!" धाकटीचा आवाज रडवेला झाला होता.

पहिल्याच सकाळी तिने मोठ्या हौसेने मला उचललं आणि भराभरा ओढू लागली. पिल्लं बिथरली, कोपऱ्यात एकावर एक चढली आणि एक चेंगरून मेलं. पिल्लांना हळूहळू बाजूला सारत, पायाखाली बघत चालायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इतक्या वर्षांत ताईने मला कधी तिच्या हातात दिलं नव्हतं. मेलेलं पिल्लू ओंजळीत घेऊन ती हमसून हमसून रडली. "नको रे बाबा तुझं ते खरखरणं," असं म्हणत तिने मला खिळ्याला टांगलं.

त्यानंतर ओल दिसली की ती वरून कोरडं तूस पसरायची. पाण्याच्या नळीचं एक तोंड गळत होतं, तिथे तर तिने तीनदा पसरलं. हवा गार झाली तसे पिल्लांच्या काळजीने तिने शेडच्या जाळीवरचे पडदेही खाली सोडले. डोळ्यांना झोंबणारा वास आत कोंडू लागला. वरून मात्र शेड कशी लख्ख! "अगं ताई, एकदम कोरडं ठणठणीत आहे," असं ती फोनवर सांगायची. बिचारी खोटं बोलत नव्हती, तिला तसंच दिसत होतं. मला खाली साचलेलं सगळं कळत होतं, पण दाताळ्याला कुठून आली वाचा?

नवव्या दिवशी पिल्लं पिसं फुलवून, माना आत ओढून बसली. विष्ठेत रक्त दिसलं. डॉक्टर धावत आले. त्यांनी मेलेलं एक पिल्लू उघडून पाहिलं. आतडं फुगलेलं आणि लाल ठिपक्यांनी भरलेलं होतं. मग त्यांनी बुटाने वरचं तूस सरकवलं. खाली काळा चिखल होता.

"हे हलवलं का नाहीत?"

"मी त्यांना मऊ गादी करून देत होते हो," धाकटी कशीबशी म्हणाली.

पाण्यातून औषध दिलं, पण निम्म्या पिल्लांनी पाणीच सोडलं होतं. ताई परतली तेव्हा त्या निम्म्यांतलं एकही उरलं नव्हतं.

ताई ओरडली नाही. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "तू घरात जा. मी बघते." मित्रांनो, त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

वाचलेली पिल्लं मोठी झाली, विकली गेली. आता नवी आली आहेत. ताई एकटीच राबते, मला रोज धुऊनपुसून ठेवते. परवा मी दाराशी टेकून उभा होतो. धाकटी हळूच आली, तिने माझ्या दांड्यावर हात ठेवला. तेवढ्यात ताईची पावलं वाजली आणि तिने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

मित्रांनो, मला नाही धुतलंत तरी चालेल, गंजेन फार तर. पण तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तिला दाराबाहेर उभं ठेवू नका हो. मला तिच्या हातात द्या, आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून सावकाश चालायला शिकवा.