अर्ध्या वेगातली गिटार

"ताता, नाही जमणार मला. सोडते मी हे." कीर्तनानं गिटार मांडीवरून उतरवली आणि मनगटावरचा पट्टा सैल केला.

स्वयंपाकघरात काफीचं डिकॉक्शन उतरायची वाट बघत नंदिता उभी होती. तिला तो आवाज रडवेला वाटला. कीर्तना मागच्या गल्लीतल्या सीतालक्ष्मीची नात. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, आणि हौसेनं कंपनीच्या बँडमध्ये. येत्या रविवारच्या कार्यक्रमात बँडनं बालाजीरावांचं गाणं घ्यायचं ठरवलं होतं, आणि त्यातला गिटारचा तुकडा तिच्या वाट्याला आला होता.

बालाजीराव म्हणजे नंदिताचे अप्पा, आणि कीर्तनाचे मानलेले ताता, म्हणजे आजोबा. ऐन विशीत त्यांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी कोडंबाक्कमच्या एका लहानशा स्टुडिओत इंग्रजीतलं एकच रॉक अँड रोल गाणं रेकॉर्ड केलं होतं. गाणं बेताचंच होतं, पण मध्ये गिटार अशी सुटायची की कढईत लाह्या फुटाव्यात. त्या तेवढ्या तुकड्यावर बालाजीराव तांबरममध्ये जन्मभर ओळखले गेले. विमा कंपनीत कारकुनी करून ते निवृत्त झाले, पण लग्नाकार्यात ओळख करून देताना कुणी हुद्दा सांगत नसे. "हे बालाजीराव. ह्यांची बोटं!" एवढंच. कुणी वाजवायचा आग्रह केला की ते दोन्ही हात पुढे धरत आणि म्हणत, "सांधे धरलेत हो." तिशीतही हेच म्हणत.

सांध्यांना काही झालेलं नाही, हे नंदिताला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं त्या गाण्याची टेप लावली आणि मशीनचा खटका उगाचच खाली ओढला. टेप अर्ध्या वेगानं चालायला लागली. गाणारा माणूस म्हशीसारखा हंबरायला लागला, ढोल हत्तीच्या पावलांनी चालायला लागले. त्या सगळ्या गचाळ आवाजात गिटार तेवढी माणसात आली. एकेक सूर जपून, तारेवरून सरकणाऱ्या बोटाची करकर सुद्धा ऐकू येणारी. सकाळी देवापुढे भजनाला साथ करणारे अप्पाच ते. तिनं खटका वर केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढे घर रिकामं असलं की तो खटका ती पुन्हा पुन्हा खाली ओढायची.

आपल्याला कळलंय हे अप्पांना समजलं तर ते गिटारला हात लावणार नाहीत, ही तिची तेव्हाची धास्ती. ती तशीच राहिली. पाहुण्यांनी बोटांचं कौतुक केलं की अप्पांची मान खाली जायची. लोकांना तो विनय वाटायचा. कुणीतरी हे ओझं एकदा उतरवावं, असं तिला वाटायचं. मात्र आपण हात लावला आणि अप्पाच खचले तर?

"हात दाखव," बाहेर अप्पा म्हणत होते. "केवढा सुजलाय गे! डॉक्टर काय म्हणाला?"

"गिटार नको, कीबोर्ड नको. ताता, तुम्ही माझ्याहून लहान होतात तेव्हा. कसं वाजवलं तुम्ही? मी तीन महिने मरतेय. माझ्यातच काहीतरी कमी आहे, नाही का?"

अप्पांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"नंदू कुठे आहे?"

"आत. काफी करतायत."

"मग हळू बोल." अप्पांनी घसा साफ केला. "मी तेवढं वेगानं वाजवलंच नाही."

नंदितानं शेगडी बंद केली.

"माझी बोटं नव्हती चालत. स्टुडिओची वेळ संपत आलेली. मशीनला दोन वेग असायचे. साथीची टेप अर्ध्या वेगानं सोडली, त्यावर मी शाळेतल्या पोरासारखं सावकाश वाजवलं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर अर्ध्या वेगानंच घेतलं. मग सगळं पूर्ण वेगानं लावलं. साथ होती तशी झाली. माझी गिटार दुप्पट पळाली आणि वरच्या सप्तकात गेली. बोटं नव्हती ती, टेप होती. त्यापायी तू हात मोडून घेऊ नक्को."

नंदितानं ओट्याची कड घट्ट धरली.  बाहेर कीर्तनाचं हसू फुटलं.

"सत्तियमा, ताता? खरंच? तेव्हा? टेपवर? अय्यो, आम्ही रोज करतो हे! लॅपटॉपवर!"

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर!"

"आणि कुणी काही म्हणत नाही?"

"सूपर म्हणतात! तुम्ही सिलोन रेडिओवर ज्यांना ऐकायचात, ते जुने अमेरिकन लोक काय साधे होते? टेपची दोन मशीनं जोडून आवाजामागे आवाज पळवायचे. जिन्यात स्पीकर ठेवून गाणं घुमवायचे. गिटार गुरगुरायला हवी म्हणून स्पीकरचा पडदा फाडायचे."

"ते पण?"

"ते पण, ताता!"

अप्पा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "ते सगळे खरे आणि मी एकटा भामटा, असं धरून बसलो होतो गे."

"भामटा काय! पोदुम, पुरे आता. आपण पण लॅपटॉपवर अर्ध्या वेगानंच घेऊन ठेवू. रविवारी मी स्टेजवरून सांगणार, ही ट्रिक ताताची."

"सांग. पण रविवारी नंदूला आणू नक्को. तिला काही बोलू नक्को." त्यांचा आवाज खाली आला. "तिला वाटतं, बाप मोठा वादक."

नंदिता दोन पावलं मागे सरली, एक झाकण मुद्दाम आपटलं आणि टंबलर घेऊन बाहेर आली.

"काय एवढं हसताय दोघं?"

"ही म्हणते, म्हातारा अजून कामाचा आहे."

"असं कोण म्हणतं? दुकानातून काफीपूड आणायला सांगितली की झोपेचं सोंग घेतो तो म्हातारा."

"ऐकलंस, कीर्तना? घरात ही किंमत!"

त्या संध्याकाळी अप्पांनी रसमभात दुसऱ्यांदा मागून घेतला. कीर्तनाला सावकाश वाजवायला लावून "घाई कशाला, घाई टेप करेल" असं दोनदा म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिता काफी घेऊन आली तेव्हा पेपर त्यांच्या मांडीवर पसरलेला होता. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

पुढचे दिवस, रविवार यायच्या आधीचे, माणसांत गेले. ती रडत होती, पाहुण्यांची व्यवस्था बघत होती. त्या दुःखाच्या तळाशी मात्र एक हलकेपणा होता, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. एक दिवस आधी गेले असते तर ते ओझं घेऊनच गेले असते.

शेषगिरी पेरंबूरहून आले. गाणं रेकॉर्ड करणाऱ्या त्या चौघांतले ढोलवाले, आणि आता उरलेले एकटेच. हॉलमध्ये नात्यातली माणसं बसली होती, कोपऱ्यात कीर्तना. कुणीतरी गाण्याचा विषय काढला आणि शेषगिरी दरवेळी सांगत तसंच सांगायला लागले.

"बालूची बोटं म्हणजे तांबरमची इलेक्ट्रिक ट्रेन! रेकॉर्डिस्ट उभा राहिला हो खुर्चीतून. एका टेकमध्ये! विचारा त्याला..."

सवयीनं ते अप्पांच्या खुर्चीकडे वळले आणि थांबले.  कीर्तना जमिनीकडे बघत होती.

नंदिताला एकदम उमगलं. हा माणूस त्या स्टुडिओत होता, टेपचं त्यांना ठाऊक असणारच. दरवेळी कहाणी सांगून झाली की त्यांची नजर आपल्याकडे यायची, आपण मान डोलावतो की नाही हे बघायला. मित्राची शान मित्राच्या लेकीपुढे राखत होते ते.

"नंदू, तुझा अप्पा..." शेषगिरींनी पुन्हा सुरुवात केली.

"मामा, पुरे," ती म्हणाली. "टेप अर्ध्या वेगानं चालत होती."

 "कुणी सांगितलं तुला?" शेषगिरी म्हणाले. कीर्तनानं दोन्ही हात वर केले. "मी नाही! मी प्रॉमिस पाळलंय!"

"तिनं नाही सांगितलं. मी लहानपणीच ऐकलंय. खटका ओढून."

"लहानपणी?" शेषगिरी तिच्याकडे बघत राहिले. "मग आम्ही दोघे म्हातारे इतकी वर्षं कुणासमोर नाटक करत होतो?" त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, कळेना. "कल्पना कुणाची, ठाऊक आहे? त्याचीच. रेकॉर्डिस्ट म्हणाला, वेडा आहेस, मशीन बिघडेल."

"मग हेच सांगायचं होतं ना लोकांना!"

"तू जन्मल्यावर शपथ घातली होती त्यानं. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून."

नंदिता उठली. फोटोवरचा हार एका बाजूला घसरला होता, तो तिनं नीट केला. हॉलभर माणसं होती, तरी ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, मला ठाऊक होतं. तुम्ही सावकाश वाजवलेलंच मला आवडायचं."