फे-मे-रे

लेओन्तिनाने पियानोचं झाकण धाडकन आपटलं. गाणं पुन्हा त्याच ओळीवर अडलं होतं.

"आता काय झालं?" तिने विचारलं. खरं तर तिला ते पक्कं ठाऊक होतं.

"यांना विचारा," मागच्या रांगेतून गाव्रिल म्हणाला. "इंजिनिअरसाहेबांना कारखान्याचं नावसुद्धा धड घेता येत नाही."

रुंकू गावातल्या फर्निचर कारखान्याच्या नावाची तीन आद्याक्षरं. करवतीवरचे, रंध्यावरचे, पॉलिशवाले सगळे ती ‘फे-मे-रे’ अशी म्हणत. कचेरीतले लोक पुस्तकी उच्चार करत, ‘एफ-एम-एर’. भरभर म्हटलं की त्याचं ‘एफेमेर’ व्हायचं, आणि रुमानियन भाषेत एफेमेर म्हणजे क्षणभंगुर. गाण्यातल्या त्या ओळीत दोन्ही उच्चार चपखल बसत. एक जरी बसला नसता, तरी गाणं बसवणारी लेओन्तिना सुटली असती.

कारखाना बंद पडून वर्षं लोटली होती. आता तो पाडायला घेतला होता, आणि कामगारांच्या जुन्या गायकवृंदाला येत्या रविवारी फाटकापाशी एक गाणं म्हणायची परवानगी मिळाली होती. एकच गाणं! आणि तेही या दोन म्हाताऱ्यांच्या तावडीत सापडलेलं.

"शाळेत ‘एफ’च शिकवतात," इंजिनिअर तिबेरियू शांतपणे म्हणाला. "‘फे’ हे अक्षर कुठल्या पुस्तकात आहे ते दाखव."

"पुस्तकातच राहा तुम्ही! रोज सकाळी फोन उचलायचा आणि म्हणायचं, ‘एफेमेर, बोला!’ येताजाता क्षणभंगुर, क्षणभंगुर. झाला शेवटी क्षणभंगुर. तुमच्याच तोंडानं बुडवलात."

तिबेरियू तिथला शेवटचा संचालक. फाटकाला कुलूप त्यानेच लावलं होतं. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगीचच पुसत राहिला.

"त्यापेक्षा तिथं ‘आमचा कारखाना’ म्हणू या," लेओन्तिना म्हणाली.

"नाही!" दोघेही एकदमच ओरडले.

लेओन्तिनाने कपाळाला हात लावला. घरी भाजून ठेवलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलायच्या होत्या, आणि ती इथे दोन थेरड्यांना मुळाक्षरं शिकवत बसली होती.

"पुरे झालं. ‘एफेमेर’ म्हणायचं. रेडिओवर अक्षरं तशीच म्हणतात. विषय संपला."

गाव्रिलने टोपी उचलली. "मग गा तुम्ही क्षणभंगुर लोकं," तो म्हणाला आणि चालता झाला. वृंदात खर्ज लावणारा तो एकटाच होता.

रविवारी फाटकाच्या आत पिवळं खोदयंत्र उभं होतं. त्याचा चालक सूर्यफुलाच्या बिया सोलत यांचं आटपायची वाट पाहत होता. रस्त्यापलीकडे, लिंडेनच्या झाडाखाली गाव्रिल हात मागे बांधून उभा होता. अंगात लग्नाकार्याचा काळा कोट. रुसायलाच यायचं तर कोट कशाला, असं लेओन्तिनाच्या मनात आलं आणि ती आणखीच वैतागली.

पहिलं कडवं बरं गेलं. ती ओळ आली. सगळ्या वृंदाने ‘एफेमेर’ म्हटलं, आणि त्यातून एकच आवाज वेगळा, चिरका, सुरापासून बराच लांब निघाला:

"फे-मे-रे!"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. लेओन्तिनाने दात आवळले. आवाज तिबेरियूचा होता. आयुष्यभर ज्या उच्चारासाठी भांडला, तोच जिंकल्यावर या माणसाने सोडला होता! तिने त्याच्याकडे डोळे वटारले. पण तो तिच्याकडे पाहतच नव्हता. कान लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि नजर रस्त्यापलीकडे.

गाव्रिल निघाला. एका मोटारीने हॉर्न दिला, त्याचंही भान त्याला नव्हतं. तो येऊन मागच्या रांगेपाशी थांबला. तिबेरियू पाऊलभर बाजूला सरकला.

"केवढी वरची पट्टी धरलीत," गाव्रिल पुटपुटला.

"खाली धरायला कुणी नव्हतं ना."

दोघांनी समोर पाहिलं. चालकाने बियांची पुडी खिशात टाकली आणि डोक्यावरची टोपी काढली.

लेओन्तिनाने दुसऱ्या कडव्यासाठी हात वर केला. ती ओळ पुन्हा यायची होती, आणि कुणाच्या तोंडून काय निघेल याचा काही नेम नव्हता. तिने दीर्घ श्वास घेतला आणि हात खाली आणला.