चिमणीच्या हातातलं पाणी

सहावीला शास्त्र शिकवणाऱ्या बाई मुलखाच्या हट्टी. महिन्यापूर्वी त्यांची लेक चिमणी तळ्यात पडली. काठावरच्यांनी आशा सोडली, आणि तेवढ्यात पोरगी खोकून उठून बसली. जेवते, अभ्यास करते, आणखी काय हवं माणसाला? पण नवऱ्याचं एकच पालुपद. "हिचं अंग गार आहे गं. ही आपली नव्हे." घरच्या थर्मामीटरातला पारा जागचा हलेना, तेव्हा बाईंनी तो मोडका ठरवून फेकून दिला.

शाळेतला थर्मामीटर मात्र पार शून्यापासून मोजतो. सुरुवातीला पाणी किती गरम आहे यावर ते उकळायला किती वेळ लागेल हे कसं ठरतं, हा त्या दिवशीचा प्रयोग. पाणी कोमट करायची बाईंची स्वतःची तऱ्हा होती. नळाच्या पाण्याचं काचेचं भांडं पोरांच्या तळहातांत द्यायचं आणि पाढे म्हणायला लावायचे. एक भांडं टेबलावर राहिलं, एक वर्गातल्या जाड्याला दिलं, तिसरं मुद्दाम त्याच वर्गात बसणाऱ्या चिमणीला. एकदा चांगला आकडा आला की नवऱ्याचं तोंड बंद, असा बाईंचा हिशेब.

पाढे संपले. टेबलावरचं पाणी पंचवीस, जाड्याचं अठ्ठावीस. चिमणीचं अकरा.

"बाई, हिने फ्रिजमधलं आणलं," जाड्या म्हणाला. वर्ग खो खो हसला. बाईंनी आकडे फळ्यावर लिहिले आणि तिन्ही भांडी गॅसवर चढवली.

जाड्याचं पाणी आधी उकळलं, मग टेबलावरचं, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. तिसऱ्यात बुडबुडा म्हणून येईना. खाली ज्योत भडकलेली आणि भांड्याला बाहेरून दव धरलेलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं डबे घेऊन पळाली. बाई गॅस वाढवतच राहिल्या.

"तापेल. काच जाड असेल," त्या पुटपुटल्या.

"आई, राहू दे ना," चिमणी म्हणाली. "मी खूप प्रयत्न करते. रात्री तू दोन-दोन रजया घालतेस, तेव्हापण करते."

"कसला प्रयत्न, बाळा?"

"गरम व्हायचा. नाहीतर बाबा मला परत तळ्यावर सोडून येतील."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोटच्या पोरीची भीती वाटावी याची त्यांना लाज वाटली, आणि लाज भीतीपेक्षा मोठी निघाली. त्यांनी गॅस बंद केला. फळ्यावरचा अकरा पुसून तिथे अठ्ठावीस लिहिलं. मग चिमणीला कुशीत ओढलं.

"बाबांना काय सांगायचं ते मी बघते," त्या म्हणाल्या. गारठा हाडांत शिरला, दात वाजायला लागले. चिमणीने आईच्या मानेवर तोंड टेकलं. तिचा श्वास बाईंना लागला नाही. बराच वेळ वाट पाहिली, तरी लागला नाही. त्यांनी मिठी आणखी घट्ट केली.