पाच रात्री, सहा दिवस

“बेड डबल टाकू की ट्विन, काका?” प्रितीनं कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं.

दत्तारामला प्रश्न कळला नाही. दादरच्या त्या टूर कंपनीच्या ऑफिसात तो तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन खेपांत त्यानं नुसतीच चौकशी केली होती आणि अंदमानचं माहितीपत्रक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

“म्हणजे, एकच मोठा पलंग हवा की दोन वेगवेगळे?”

लालबागच्या त्याच्या खोलीत एकच लोखंडी खाट होती. तिच्यावर अकरा वर्षं आई झोपून होती. कौसल्या खाली, आईचा हात पोचेल अशी. दत्ताराम दारापाशी, नाहीतर गॅलरीत, नाहीतर ड्युटीवर. आईला जाऊन तीन महिने झाले तरी खाट रिकामी होती आणि नवरा-बायको आपापल्या जुन्या जागीच झोपत होती.

“मोठा,” तो म्हणाला आणि कान गरम झाले म्हणून भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला.

“पहिल्यांदाच चाललात ना दोघं?”

“हो. म्हणजे आधी गणपतीला गावी जायचो, पण ते काही…”

“ते फिरणं थोडंच?” प्रिती हसली. “पाच रात्री, सहा दिवस. मस्त होईल. काकूंचं आधार कार्ड तेवढं आणून द्या गुरुवारपर्यंत. बाकी मी बघते.”

दत्ताराम मेस्त्री चौतीस वर्षं पालिकेच्या पंपिंग स्टेशनात ऑपरेटर होता. पावसाळ्यात भरती आली की शहराचं पाणी समुद्रात जात नाही, उलट समुद्रच नाल्यांतून आत शिरू बघतो. तेव्हा नाल्यांच्या तोंडचे दरवाजे खाली सोडायचे, पंप चालू करायचे आणि ओहोटी लागेपर्यंत काट्यांवर डोळा ठेवून बसायचं, हे त्याचं काम. समुद्र त्याला पाठ होता, पण आकड्यांत. आज भरती बारा दहाला, चार मीटर साठ. ज्याला बाहेर ठेवायचं ते पाणी, एवढीच त्याची समुद्राशी ओळख.

केबिनमध्ये तो बहुतेक एकटाच असायचा. पंपांच्या आवाजात कुणाशी बोलणंही शक्य नसायचं. मग तो मनातल्या मनात कौसल्येशी बोलायचा. आज नाल्यातून काय काय वाहून आलं, साहेब काय म्हणाला, लेकीला, दर्शनाला, कुठल्या कॉलेजात घालावं. घरी पोचेपर्यंत ते बोलणं विरून जायचं. आई जागी असायची, नाहीतर त्यालाच झोप अनावर झालेली असायची. रिटायर झालो की बोलू, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. लालबागच्या खोलीत ते जमेना. म्हणून अंदमान.

तारखाही त्यानं स्वतः काढल्या होत्या. उधाणाचे दिवस नकोत. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत जायचं. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही. कौसल्येला घाबरायला नको. सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असेल, ऊन कोवळं असेल, गुडघाभर पाण्यात दोघं लांबवर चालत जातील. हे सगळं त्यानं एका वहीत लिहिलं होतं.

घरी आला तेव्हा कौसल्या सुपात सुका जवळा निवडत बसली होती.

“गुरुवारपर्यंत तुझं आधार पाहिजे,” तो म्हणाला.

“शोधते.”

“फेब्रुवारीची सोळा तारीख. विमान पहाटेचं आहे. खिडकीची जागा तुला मागितलीय.”

“हं.”

हे ‘हं’ त्याला बत्तीस वर्षं माहीत होतं. त्याचा अर्थ ‘हो’ असाच होतो, असं तो धरून चालला होता.

दोन दिवसांनी त्यानं तिच्यासाठी रबरी सँडल आणल्या. तिच्या पायाचा नंबर त्याला माहीत नव्हता. दाराबाहेरची तिची चप्पल सुतळीनं मोजून, ती सुतळी खिशात घालून तो दुकानात गेला होता. सँडल बरोबर बसल्या. कौसल्या त्या घालून खोलीत चार पावलं चालली आणि पुन्हा खोक्यात घालून माळ्यावर ठेवल्या.

आधार कार्ड मात्र मिळेना. ट्रंकेत नव्हतं, देव्हाऱ्याच्या खणात नव्हतं. बुधवारी दुपारी दत्ताराम आईच्या औषधांचा जुना डबा उपडा करून शोधू लागला, तेव्हा कौसल्येनं कमरेची पिशवी सोडली आणि कार्ड त्याच्यासमोर ठेवलं.

“माझ्याकडंच होतं,” ती म्हणाली.

“मग दिलं का नाहीस?”

शेजारची आकांक्षा विरजण मागायला दारात आली होती. कौसल्येनं उठून तिला वाटी भरून दिली, तिच्या परीक्षेची चौकशी केली. ती गेल्यावर परत येऊन बसली.

“विमानाची भीती वाटते?” दत्तारामनं विचारलं.

“नाही.”

“बोटीची? बोट मोठी असते. आणि तेव्हा पाणी शांत असतं, मी बघितलंय सगळं.”

“माका खंय जावचा नाय,” ती म्हणाली. मनातलं बोलायचं असलं की तिच्या तोंडी गावची भाषा यायची. मग स्वतःला सावरून हळूच म्हणाली, “अहो, तुम्ही जाऊन या ना.”

“मी एकटा? आणि तू?”

“मी राहते इथं. एकटी.”

ती रागावली असणार, असं त्याला वाटलं. आपलं काय चुकलं हे तो आठवू लागला. त्याचा चेहरा बघून कौसल्येलाच वाईट वाटलं असावं.

“रागाबिगानं नाही म्हणत,” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा या खोलीत सात माणसं होती. भाऊजी दोन, वन्सं, मामंजी, आई आणि आपण. ती सगळी लांब गेली, लग्नं झाली, तोवर दर्शना झाली. तुमची नाइट असली की दिवसा तुम्ही झोपलेले. पोरीला मी गॅलरीत नेऊन भात भरवला, तुमची झोप मोडू नये म्हणून. भांडी हळू, बोलणं हळू. मग आई पडल्या. अकरा वर्षं.” ती थांबली. “बत्तीस वर्षांत या खोलीत मी एकटी कधी राहिले नाही. एक दिवस नाही. गावी गेलो तरी सगळी मिळूनच गेलो.”

“आता आहोतच कोण? दोघंच तर.”

“आई गेल्या तेव्हा मला रडू आलं. खरंच आलं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मनात आलं, की आता दुपारी घरात कुणी नसेल. पाप वाटलं, पण आलं. आणि त्याच महिन्याच्या तीस तारखेला तुम्ही रिटायर झालात.”

दत्ताराम कार्डावरच्या तिच्या फोटोकडे बघत राहिला. फोटोत ती कुणीतरी दटावल्यासारखी दिसत होती.

“माझा त्रास होतो?” त्यानं विचारलं.

“त्रास काय व्हायचाय? तुम्ही कधी हात उचलला नाहीत, पिऊन आला नाहीत. भल्या माणसाला कसं सांगायचं, की जरा बाहेर जा?”

पंपाच्या केबिनमध्ये चौतीस वर्षं आपण ज्याला कंटाळलो, ते आपल्या बायकोला कधी तासभरही मिळालं नाही, हे दत्तारामच्या लक्षात आलं. पण लक्षात आलं म्हणून दुखायचं राहिलं नाही. मनातल्या मनात तो जिच्याशी इतकी वर्षं बोलत आला, तीच त्याला जा म्हणत होती.

“मी गावी जाऊन राहतो सहा दिवस,” तो शेवटी म्हणाला.

“गावी नको. तिथं दहा जण विचारतील, बायको का नाही आली. तुम्हाला समुद्र बघायचाय ना? बघून या.”

गुरुवारी तो दादरला गेला आणि एकच जण येणार, असं सांगितलं. “काकूंना बरं नाही का?” प्रितीनं विचारलं.

“बरी आहे.”

“मग तुम्हीही तारीख पुढे घ्या ना काका. दोघं मिळून जा.”

“नाही,” दत्ताराम म्हणाला. “तारीख तीच राहू दे.”

संध्याकाळी बदलापूरहून दर्शनाचा फोन आला. तिला आईकडून कळलं होतं.

“भांडलात का तुम्ही?”

“नाही गं.”

“मग हे काय? असं कुणी एकटं जातं का? ठीक आहे, मी सुट्टी टाकते आणि आईजवळ येऊन राहते.”

“तू येऊ नकोस,” दत्ताराम म्हणाला.

“अहो बाबा, ती एकटी…”

“सहा दिवस लालबागला फिरकायचं नाही. फोनही तिनं केला तरच.” मुलीशी इतक्या कडक आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. दर्शना दुखावली. त्यानं समजूत घातली नाही, कारण काय सांगायचं हे त्यालाच नीट माहीत नव्हतं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात तो एकेक काम उरकत होता. गॅसचा सिलेंडर बदलून घेतला. मोरीतला गळका नळ दुरुस्त केला. कांदे-बटाटे, रवा, चहा, साखर भरून ठेवलं. आकांक्षाच्या आईला सांगितलं, “वहिनी, विरजणबिरजण लागलं तर आठवडाभर दुसरीकडे बघा. कौसल्येला जरा विश्रांती हवीय.” वहिनींनी काळजीनं विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” दत्ताराम म्हणाला, “विश्रांतीच सांगितलीय.”

सोळा तारखेला कौसल्या त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली. तिनं त्याच्या बॅगेत वड्या आणि लिंबाचं लोणचं भरलं होतं. “टोपी घाला उन्हात,” एवढंच ती म्हणाली.

टूरमध्ये अकरा जोडपी होती आणि दत्ताराम. शंतनु नावाचा टूर मॅनेजर जेवताना त्याला आपल्या शेजारी बसवून घ्यायचा. पहिल्या दिवशी एका बाईंनी विचारलं, “मिसेस नाही आल्या?”

“नाही. घरी आहे. मजेत आहे,” तो म्हणाला. त्या बाई त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागल्या, तेव्हा आपण काहीतरी चमत्कारिक बोललो हे त्याला कळलं.

तिसऱ्या दिवशी बोटीनं ते हॅवलॉक बेटावर पोचले. वहीत लिहिल्याप्रमाणे भांगाचे दिवस होते आणि पाणी शांत होतं. दत्ताराम पँट दुमडून आत गेला. गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली पाहिलं, तर स्वतःच्या पायाची नखं स्पष्ट दिसत होती. इतकी वर्षं समुद्राच्या शेजारी राहून पाण्याला तळ असतो हे त्यानं पाहिलं नव्हतं. पायांजवळून बोटाएवढे मासे गेले. त्यानं सवयीनं मनातल्या मनात कौसल्येला सांगायला सुरुवात केली, आणि मग थांबला.

संध्याकाळी न राहवून त्यानं फोन लावला. पहिल्या दिवशी ‘पोचलो’ एवढंच कळवलं होतं, त्यानंतर हा पहिलाच. बराच वेळ रिंग वाजली.

“हॅलो,” पलीकडून खणखणीत आवाज आला. चुकीचा नंबर लागला असं वाटून तो फोन ठेवणारच होता.

“कौसल्या?”

“मग कोण? बोला.”

तोच आवाज होता. फक्त मोकळा, भरलेला. लग्नाआधी कांदे-पोह्यांच्या कार्यक्रमाला आतल्या घरातून कुणालातरी हाक मारताना त्यानं तो ऐकला होता, आणि नंतर विसरून गेला होता. बायकोचा आवाज मुळातच बारीक आहे असं तो सगळ्यांना सांगायचा.

“काय करत होतीस?”

“काही नाही. काल दिवसभर चूलच पेटवली नाही. चहा-पाव खाल्ला. आज केस धुतले आणि नुसती बसून राहिले. कुणी आलं नाही हो. एक माणूस आलं नाही.” तिला त्याचं आश्चर्य वाटत होतं.

“इथं पाणी असं आहे,” दत्तारामनं सुरुवात केली, “की पायाची नखं दिसतात. मासे…”

“हं,” ती म्हणाली.

तो थांबला. पुढं काय, असं तिनं विचारलं नाही. मागे रेडिओ नव्हता, भांडी नव्हती, कुणाचा खोकला नव्हता. ती त्या शांततेत बसली होती आणि फोन संपण्याची वाट बघत होती. तसं ती कधीच म्हणाली नसती. तो रात्रभर बोलत राहिला असता तरी तिनं हं म्हणत ऐकून घेतलं असतं.

“ठेवतो,” तो म्हणाला.

“बरं. वेळेवर जेवा.”

त्यानंतर तीन दिवस होते. दत्तारामनं फोन केला नाही. दोनदा खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला. शेवटच्या संध्याकाळी शंतनुनं विचारलं, “काका, घरी बोलायचं नाही का? इथं नेटवर्क छान आहे.”

“हो,” दत्ताराम म्हणाला, “आहे ना.”

साडेपाचलाच सूर्य कलला होता. सगळी जोडपी किनाऱ्यावर फोटो काढत होती. नाशिकचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं त्याच्याकडे आलं आणि मोबाइल हातात देऊन म्हणालं, “काका, आमचा एक काढता?” त्यानं दोन्ही हातांनी मोबाइल धरून नीट फोटो काढला. खात्रीसाठी आणखी एक काढला.

“तुमचा काढू?” त्या मुलीनं विचारलं.

“काढा,” तो म्हणाला. डोक्यावरची टोपी त्यानं हातात घेतली, केस सारखे केले आणि समुद्राकडे पाठ करून, ऑफिसच्या ओळखपत्रासाठी उभं राहतात तसा, दोन्ही हात सरळ ठेवून उभा राहिला.